नियमाची अस्सल प्रत

पाठ गळणें पोथीसंग्राहकांस नवें नाहीं. परंतु पाठ गळाला असतां त्याच पाठाच्या आधारें लोकांवर खटले भरले गेले, असें अमेरिकेंतील एक प्रकरण नमूद करण्याजोगें आहे. इ. स. १९३३ च्या सप्टेंबरांत अध्यक्षीय आज्ञेनें खनिज तेलाच्या नियमसंहितेंत दुरुस्ती झाली. तींत एक कलम नकळत गळालें. तें कायम आहे असें समजून सरकार कारवाई करीत राहिलें. ‘पनामा रिफायनिंग’ प्रकरणाच्या जानेवारी १९३५ मधील निकालांत सर्वोच्च न्यायालयानें ही गळती नमूद केली. त्याच वर्षीं कायदा झाला व १४ मार्च १९३६ रोजीं ‘फेडरल रजिस्टर’चा पहिला अंक निघाला. १९४६ च्या कायद्यानें नियमाचा मसुदा आधीं प्रसिद्ध करून लोकांचीं लेखी मतें घेण्याची सामान्य रीत घातली. २००३ पासून ‘रेग्युलेशन्स डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर मसुदे पाहून मत नोंदवितां येऊं लागलें.

मसुदा, हरकती व अंतिम पाठ शेजारीं ठेवतां आले, तर कोणता शब्द केव्हां बदलला हें सामान्य वाचकासहि ठरवितां येतें. आमच्या मतें हाच यांतील मुख्य लाभ होय. तथापि पडद्यावरील पाठ मागाहून निमूटपणें पालटतां येतो. म्हणून दिनांकित प्रती जपण्याचें आपलें जुनें काम येथेंहि सुटत नाहीं.