जस्ताचं ऑइल

बाबांच्या १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन एकदाचं बांधून झालं. नवे पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट, टॅपेट... खर्चाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही. (ती ब्लॉग वाचत नाही, हे बरंय!)

पहिलं ऑइल म्हणून मी हौसेने सगळ्यात महागडं सिंथेटिक आणलं. बाबांच्या वेळचे मेस्त्रीकाका म्हणाले, "हे परत कर. साधं मिनरल आण, वीस-पन्नास. झिंकवालं."

मग वाचत बसलो. जस्त आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी हे संयुग १९४० च्या दशकात ऑइलमध्ये आलं ते बेअरिंग गंजू नयेत म्हणून. धातू धातूवर घासतो तिथली झीज ते थोपवतं, हे नंतर उमगलं. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅम टॅपेटवर असाच घासत फिरतो. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले (आपल्याकडे चार महानगरांत नव्या गाड्यांना १९९५ पासून) आणि फॉस्फरस त्यांना मारक ठरला. २००४ च्या एपीआय एसएम मानकाने पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांवर आणला. जाड २०डब्ल्यू-५० त्यातून सुटलं. हवेसाठी हे योग्यच झालं. पण आमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, आणि नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत एकतर जमतो, नाहीतर कामातून जातो.

सिंथेटिकवर रिंगा बसत नाहीत, असंही काका म्हणतात. यावर वाद आहेत. असो, मी काकांच्या बाजूने.

उद्या सकाळी स्टार्टर मारायचा, आयडलवर न ठेवता वीस मिनिटं दोन हजार आरपीएम. मागच्या काचेला बाबा लावायचे तशी 'रनिंग इन'ची चिठ्ठी लिहून ठेवलीय.