अलास्काच्या क्रूझवर किनाऱ्याला उतरून काय पाहायचे, हे कोणी ठरवले? (दीर्घ धागा)

अलास्काच्या पहिल्या क्रूझचा बेत आखणाऱ्यासमोर आज एक ठरावीक यादी येते. केचिकानला टोटेम खांब, जुनोला देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी, स्कॅगवेला डोंगरातली रेल्वे आणि एक अख्खा दिवस ग्लेशियर बे. कोणत्या बंदरावर उतरून कोणती सहल घ्यावी, यावर घरात खल होतो. या यादीचा बराचसा भाग मात्र १८८० आणि १८९० च्या दशकांतच ठरून गेला होता. ठरवणारे होते एक आगबोटीचा कप्तान, एक पत्रकार स्त्री आणि हिमनद्यांनी वेडा झालेला एक निसर्गलेखक. ज्यांचा तो किनारा, त्यांना कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतला. पुढची काही वर्षे तिकडे कोणी हौसेने जात नसे. १८७९ च्या शरदात जॉन म्युर रॅन्गेलहून एका होडीतून उत्तरेकडे निघाला. सोबत एक मिशनरी आणि चार त्लिंगित पुरुष होते. वाट, वारा आणि भरती-ओहोटीचे ज्ञान त्या चौघांचे. ‘शोध’ मात्र म्युरच्या नावावर जमा झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या त्याच्या पत्रांनी ग्लेशियर बेचे नाव वाचकांपर्यंत पोहोचवले.

जुलै १८८३ मध्ये ‘आयडाहो’ ही टपाल वाहणारी आगबोट कप्तान जेम्स कॅरोलने थेट त्या उपसागरात घातली. बोटीवर २६ वर्षांची एलायझा रुहामा सिडमोर होती. तिची वार्तापत्रे आणि १८८५ चे पुस्तक यांनी ‘अलास्काला जावे’ ही कल्पना अमेरिकी मध्यमवर्गात रुजवली; पुढे १८९३ मध्ये तिने रीतसर मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. (हीच सिडमोर पुढे भारतात हिंडली आणि १९०३ मध्ये ‘विंटर इंडिया’ हे प्रवासवर्णन तिने प्रसिद्ध केले. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांमधली ती पहिली स्त्री.)

किनाऱ्यावरची सहल मुळात सहल नव्हतीच. बोट टपाल आणि माल घेऊन निघे. मासे डबाबंद करण्याचे कारखाने, खाणी, मिशनची ठाणी यांच्या धक्क्यांना लागे. माल उतरेपर्यंत प्रवाशांना काही काम नसे, म्हणून ते गावात फिरत. प्रेक्षणीय स्थळे अशी मालवाहतुकीच्या मार्गाने ठरत गेली. बोट जिथे थांबली नाही, ते गाव पर्यटनाच्या नकाशावर आलेच नाही.

सिटका आणि जुनोच्या धक्क्यांवर त्लिंगित स्त्रिया स्प्रूसच्या मुळांपासून विणलेल्या टोपल्या मांडून बसत. त्यांना ‘भोळे आदिवासी’ समजणाऱ्या प्रवाशांचा भ्रम लवकर फिटे, कारण घासाघीस करण्यात या बायका पक्क्या होत्या. सिटकाच्या ‘प्रिन्सेस टॉम’ या त्लिंगित व्यापारी स्त्रीची श्रीमंती तर त्या काळच्या प्रवाशांच्या कौतुकाचा विषय होती. या व्यवहारात निदान दोन बाजू होत्या. पुढच्या घटनांत त्या राहिल्या नाहीत.

१८९९ चा उन्हाळा. रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमनने ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ ही आगबोट सजवून शास्त्रज्ञ, चित्रकार, छायाचित्रकार आणि स्वतःचे कुटुंब घेऊन दोन महिन्यांची मोहीम काढली. म्युर होता, तरुण एडवर्ड कर्टिसही होता. परतीच्या वाटेवर जुलैअखेरीस बोट केप फॉक्सच्या त्लिंगित गावापाशी थांबली. घरे उभी, खांब उभे, माणसे नाहीत. गाव ‘ओस पडले आहे’ असे ठरवून मंडळींनी टोटेम खांब आणि घरांतल्या वस्तू उतरवून बोटीवर चढवल्या. पुढे त्या अमेरिकेतल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या.

गावातली सान्या त्लिंगित माणसे काही वर्षांपूर्वी शाळा आणि चर्चच्या सोयीसाठी केचिकानजवळच्या सॅक्समनला राहायला गेली होती. त्यांना शोधणे अवघड नव्हते. कोणी शोधले नाही.

टोटेम खांब म्हणजे पूजेची मूर्ती, हा समज आजही पर्यटकांत आढळतो. तो चुकीचा आहे. खांब कोणत्या कुळाचा, कोणती चिन्हे मिरवण्याचा हक्क त्या कुळाला आहे, कोणाच्या स्मरणार्थ तो उभारला, हे त्यावर कोरलेले असते. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर ती लाकडातली वतनाची सनद आहे. वतनदार परगावी गेला म्हणून त्याच्या वाड्यातली सनद बेवारस होत नाही.

त्याच उन्हाळ्यात सिॲटलच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचे एक मंडळ ‘सिटी ऑफ सिॲटल’ या बोटीने अलास्काची सफर करून परतत होते. टॉंगास गावाजवळ बोट थांबली. खलाशांनी किनाऱ्यावर जाऊन एक प्रचंड खांब पाडला, नेता येईना म्हणून करवतीने त्याचे दोन तुकडे केले आणि तो बोटीवर आणला. बुडून मरण पावलेल्या एका कुलीन स्त्रीच्या स्मृत्यर्थ गानाखाडी या कावळा-कुळाने तो उभारला होता. १८ ऑक्टोबर १८९९ रोजी सिॲटलच्या मध्यवर्ती चौकात त्याचे वाजतगाजत अनावरण झाले. त्लिंगितांनी २० हजार डॉलरची भरपाई मागितली. प्रकरण ५०० डॉलरवर मिटवण्यात आले. ‘किनाऱ्यावरची सहल’ या शब्दाचा हा अर्थ कोणत्याही माहितीपत्रकात छापला जात नाही.

सप्टेंबर १८९९ मध्ये याकुटाट परिसरात मोठा भूकंप झाला. म्युर हिमनदीचे कडे कोसळले, उपसागर हिमखंडांनी भरला आणि पुढची कित्येक वर्षे आगबोटींना हिमनदीजवळ जाता येईना. ज्या बर्फावर उतरून प्रवासी चालत, ते अलास्काचे सर्वांत लोकप्रिय स्थळ एका झटक्यात यादीतून पुसले गेले.

त्याची जागा अंशतः स्कॅगवेने घेतली. क्लोंडाइकच्या सोन्यासाठी निघालेल्यांना कॅनडाच्या हद्दीत शिरताना सुमारे टनभर सामान जवळ बाळगावे लागे. ते वाहताना व्हाइट पासच्या वाटेवर हजारो घोडे-खेचरे मेली. १८९८ मध्ये सुरू झालेली रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली, तोवर सोन्याचा ज्वर ओसरला होता. १९८२ मध्ये बंद पडलेली ही रेल्वे १९८८ पासून पर्यटकांसाठी धावते. दऱ्या सुंदर आहेत. घोड्यांच्या हाडांच्या दरीवरून गाडी जाते, एवढे लक्षात असावे.

बेत आखताना अनेकांना एक कोडे पडते: सिॲटलहून निघालेले जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला कशासाठी थांबते? त्याचे उत्तर १८८६ च्या एका कायद्यात आहे. परदेशी जहाजांना फक्त अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहण्याची मनाई आहे, आणि आजची बहुतेक मोठी क्रूझ जहाजे परदेशात नोंदलेली असतात. म्हणून व्हिक्टोरियाची संध्याकाळ, मग ती कितीही धावती असो.

चोरलेल्या खांबांचे पुढे काय झाले? सिॲटलचा खांब १९३८ मध्ये आगीत सापडला. त्याची प्रतिकृती त्लिंगित कारागिरांनीच कोरली आणि १९४० मध्ये ती उभी राहिली. केप फॉक्सच्या वस्तू २००१ मध्ये, १०२ वर्षांनी, संग्रहालयांनी सान्या त्लिंगितांच्या वंशजांना परत केल्या. केचिकानला उतरून ‘टोटेम खांब पाहण्याची’ सहल घेणारे प्रवासी ज्या सॅक्समनला जातात, तेच हे गाव.

ग्लेशियर बेची कथा याहून जुनी. हुना त्लिंगितांच्या मौखिक परंपरेनुसार तिथे त्यांची वस्ती होती आणि पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना बाहेर काढले. हे अठराव्या शतकात घडले, आणि भूविज्ञानही त्याला दुजोरा देते. बर्फ मागे हटल्यावर लोक सील मारायला, कुरवांची अंडी गोळा करायला परतले. १९२५ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला आणि मग बंधने आली, ती त्यांच्यावर. निसर्ग ‘निर्मनुष्य’ दिसावा, ही शहरी पर्यटकाची हौस होती. तिची किंमत हुना लोकांनी मोजली.

आता गर्दीलाच लगाम लागतो आहे. सुमारे ३२ हजार वस्तीच्या जुनोत २०२३ मध्ये १६ लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा आहे. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी जहाजे शिरतात आणि त्यांतले प्रवासी किनाऱ्यावर पाऊल ठेवत नाहीत. म्युर हिमनदी तर आता समुद्रापर्यंत पोहोचतही नाही. २०१६ मध्ये उपसागराच्या मुखाशी हुना त्लिंगितांचे कुळघर पुन्हा उभे राहिले. सकाळी मोठ्या जहाजावर उद्यानाचे रेंजर चढतात, आणि त्यांच्यासोबत बऱ्याचदा एखादी त्लिंगित व्यक्तीही येते. या उपसागरात आमची वस्ती होती, असे ती प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून सांगते.