गु. आ. कुलकर्णी कोण?

जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले. त्यांच्या आधी, २०१२ ला चंद्रपूरला, वसंत आबाजी डहाके. नंतर २०१४ ला सासवडला फ. मुं. शिंदे. लागोपाठ तीन अध्यक्ष आणि नाव लिहायच्या तीन तऱ्हा! आता या तिघांवर चरित्रलेख लिहायचे तर मथळा काय द्यायचा?

आमच्या धंद्यातला माणूस लगेच म्हणेल, एक नियम करून टाका : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठी विश्वकोशानं जवळपास तेच केलंय, फक्त आडनाव आधी. तिथे पुलं हवे असतील तर 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' शोधायचं. अकारविल्हे छापील खंडांत ते ठीकच. पण तोच नियम सगळीकडे लावला की गंमत सुरू होते.

जी. ए. कुलकर्णी घ्या. गुरुनाथ आबाजी. मराठी हिशेबानं गु. आ. व्हायला हवेत, पण अक्षरं इंग्रजीतली, आणि पुस्तकांवर तीच. वि. स. खांडेकर तर जन्मानं गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. मग 'पूर्ण नाव' नक्की कोणतं? आणि आपल्या दापोलीजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे, म्हणजे श्रीपाद नारायण. त्यांचं 'श्री.' आदरार्थी समजून एखाद्या प्रोग्रॅमनं उडवलं की उरले ना. पेंडसे!

बायकांचं वेगळंच. दुर्गा भागवत, शांता शेळके, इरावती कर्वे... आद्याक्षरांनी ओळखली जाणारी लेखिका आठवून बघा, मला तरी चटकन आठवत नाही. मधलं अक्षर वडिलांचं घ्यायचं की नवऱ्याचं, हा प्रश्न पुरुषांना कधी पडलाच नाही. सरसकट तीन नावांचा नियम लावला तर 'युगान्त'च्या लेखिकेच्या मथळ्यात दिनकर येऊन बसतात. ते मला अजिबात पटत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. माणसानं पुस्तकावर जे छापलं तेच मथळ्यात. पूर्ण नाव, जन्मनाव, दत्तकनाव सगळं पहिल्या ओळीत, आणि त्या नावांनी शोधणाराही त्याच लेखावर पोचला पाहिजे.

बाकी चिपळूणकरांनी हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडवलाय. १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला गावात 'लोटिस्मा' म्हणतात. आणि १८६४ मध्ये टिळक होते सात-आठ वर्षांचे, म्हणजे हे पूर्ण नावसुद्धा मागाहूनच आलेलं.