एकादशीची पंगत, रात्री दहा

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी २०२४ साली जे घडलं, ते आपल्या धाराशिवच्या कुठल्याही सप्ताहात घडू शकतं. पंगत तीच, भगरही तीच.

मंगळवार, २० फेब्रुवारी, सकाळ
जया एकादशी. गावात हरिनाम सप्ताह चालू. उपवासाचा प्रसाद म्हणजे भगर आणि आमटी. भगरीला ओल लागली की अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार होतात. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणावाराच्या तोंडावर बजावत असतं : सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा. संकट टाळायची सगळ्यात स्वस्त वेळ हीच, किराणा भरतानाची.

संध्याकाळ
शेकडो माणसांचा स्वयंपाक कीर्तन संपेपर्यंत थांबतो, ही कुठल्याही सप्ताहाची रीत. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवावं, असा नियम आहे. त्याखाली ते कोमट पडून राहिलं की जिवाणू वाढतात. त्यांतल्या काहींचं विष पुन्हा उकळी आणली तरी जात नाही.

रात्री दहाच्या सुमारास
प्रसाद वाटला गेला. पुढच्या काही तासांत उलट्या, मळमळ, जुलाब सुरू झाले. मिळेल त्या वाहनाने माणसं बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात येऊ लागली.

मध्यरात्रीकडे
खाटा संपल्या. रुग्णांना बाहेर उघड्यावर जमिनीवर झोपवलं. झाडांना दोर बांधले आणि सलाईनच्या बाटल्या त्या दोरांना लटकवल्या. प्रशासनाच्या आकड्यांनुसार बीबीत १४२, मेहकरला ३५ आणि लोणारला २० जणांवर उपचार झाले.

बुधवार, सकाळ
बहुतेकांना घरी सोडलं. अन्नाचे नमुने तपासणीला गेले.

पुढचे १४ दिवस
अन्न सुरक्षा कायद्याने नमुन्याचा अहवाल द्यायला अन्न विश्लेषकाला १४ दिवसांची मुदत दिली आहे. विषाला मात्र काही तास पुरतात. त्यामुळे अहवालावरून फार तर दोषी ठरवता येतो. पंगत वाचवायची तर तपासणी चुलीआधीच हवी.

आता प्रश्न तपासणार कोण? इन्स्पेक्टरची धाड पडते ती शहरातल्या हॉटेलावर, आणि सप्ताहाची चूल देवाच्या भरवशावर, अशी आपली समजूत. कायदा तसं म्हणत नाही. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत छोट्या अन्न व्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येतो, आणि त्यानेही नोंदणी करायची असते. आपल्याकडे सप्ताहाची वर्गणी, मंडप आणि कीर्तनकाराची तारीख महिनाभर आधी ठरते. त्याच बैठकीत नोंदणी कोण करणार, बॅच क्रमांकाची बंद पाकिटं कोण आणणार आणि पावती कोण जपणार, एवढी तीन नावं वहीत लिहावीत. पुढे काही झालंच तर माल कुठून आला, हे त्या पावतीवरून तासाभरात कळेल आणि त्याच दुकानातली उरलेली भगर दुसऱ्या गावाच्या पंगतीला जाणार नाही.