तानीबाई कागलकरांपासून यूट्यूबपर्यंत : व्हिडिओच्या आकड्यांचा इतिहास

१/ कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीच्या पायाभरणीत कागलचे नाव आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तेव्हा तिला गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक आधार दिला. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा कोल्हापुरातच घडवला. कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला.

२/ आज कागलमधील एखादा तरुण घरातली जुनी चित्रफीत यूट्यूबवर चढवू लागतो, तेव्हा संगणक त्याला काही आकडे विचारतो : सेकंदाला फ्रेम किती, चौकटीचा आकार कोणता, बिटरेट किती? हे प्रश्न तांत्रिक वाटतात. पण त्यांतील प्रत्येक आकड्यामागे इतिहास आहे. तो ठाऊक नसेल, तर जुन्या चित्राची साक्ष बिघडते.

३/ प्रथम वेग. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई. सर्वसाधारण रीत अशी, की हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. प्रत्यक्षात हा वेग चित्रकाराच्या हातावर अवलंबून असे; प्रसंगानुसार तो वाढे वा घटे. ठरीव असा एकच वेग नव्हता.

४/ बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. आवाजाची पट्टी कमी-अधिक वेगाने धावली, तर सूर बिघडतो. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग कायम झाला. बाबूरावांच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट दिला. हाताचा वेग जाऊन यंत्राचा वेग आला, तो एकाच शहरात, एका तपाच्या आत.

५/ याचा आजच्या अपलोडशी संबंध काय? सोळाच्या वेगाने टिपलेली फीत चोवीसच्या वेगाने चालवली, की पंधरा मिनिटांचा प्रसंग दहा मिनिटांत उरकतो. माणसे तुरुतुरु पळताना दिसतात. 'जुन्या काळचे लोक असेच चालत' हा समज बहुतांशी या चुकीतून जन्मला. तो इतिहास नव्हे. चुकीच्या आकड्याने केलेला विनोद आहे.

६/ दुसरा आकडा चौकटीचा. मूकपटांची चौकट ४:३ होती. पुढे दूरचित्रवाणीनेही तेच प्रमाण घेतले. यूट्यूबने १६:९ ची रुंद चौकट २००८ मध्ये स्वीकारली. जुने चित्र त्यात ताणून बसवले, तर प्रत्येक चेहरा एकतृतीयांशाने रुंद होतो. वर-खाली कापून बसवले, तर चित्राचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

७/ तिसरा आकडा २५. भारतात वीज ५० हर्ट्झची. तिच्याशी जुळणारी सेकंदाला २५ चित्रांची, ६२५ रेषांची पद्धत दूरदर्शनने अवलंबिली. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवले जाई : आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रे. घरोघरच्या व्हीएचएस कॅसेटी याच पद्धतीच्या.

८/ समजा, कागलच्या गैबी पिराच्या उरुसाची १९९० च्या दशकातील कॅसेट कोणाच्या कपाटात आहे. ती संगणकावर घेतली, की हलत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. कारण दोन अर्धचित्रे दोन वेगळ्या क्षणांची असतात. ती विलग करण्याच्या क्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात. ती करताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवाव्यात. २५ ठेवल्यास हालचालीचे निम्मे क्षण गळतात, आणि ३० निवडल्यास चित्र अडखळते.

९/ चौथा आकडा बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची याचा. १९२० × १०८० बिंदूंचे रंगीत चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, काहीही न आवळता ठेवले, तर सेकंदाला सुमारे १,२४४ मेगाबिट लागतात. यूट्यूबची शिफारस त्यासाठी ८ मेगाबिटची आहे, म्हणजे दीडशेपट संक्षेप! ५० फ्रेमसाठी हीच शिफारस १२ मेगाबिटची. हे साध्य होते २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीमुळे. चित्राचा जो भाग बदलत नाही, तो ती पुन्हा लिहीत नाही.

१०/ मात्र संकेतस्थळ आलेला व्हिडिओ स्वतःही पुन्हा आवळते. आधीच काटकसरीने आवळलेली फाइल दिली, तर नकलेची नक्कल होते. म्हणून शिफारशीपेक्षा थोडा अधिकच बिटरेट द्यावा. शिवाय मोठ्या आकाराच्या व्हिडिओला संकेतस्थळ अधिक बिटरेट देते. त्यामुळे कॅसेटचे ७२० × ५७६ चे चित्र १४४० × १०८० करून चढवणे फायद्याचे ठरते. नवा तपशील त्यात येत नाही. पण असलेला कमी झिजतो.

११/ सारांश : एमपी४ फाइल, एच.२६४ चित्र, एएसी ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर. मूळ वेग आणि मूळ चौकट कायम. ५० फ्रेमना किमान १२ मेगाबिट. तासाभराच्या उरुसाला साधारण साडेपाच जीबी पुरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपलोडसाठी केलेली फाइल ही मूळ प्रत नव्हे. कॅसेटवरून प्रथम घेतलेली, न कापलेली, न सुधारलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

१२/ कारण 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही. तानीबाईंच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली. 'मुरलीवाला'सारख्या एखाद्या चित्रपटाचे अवशेष तेवढे उरले. भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका भीषण वठला होता, की त्यावर कात्री चालली, असे वर्णन वाचायला मिळते. दृश्य मात्र पाहायला मिळत नाही. त्या पिढीच्या हाती दुसरी प्रत काढण्याची सोय क्वचितच होती. आजच्या पिढीच्या हाती ती आहे, आणि कपाटातल्या कॅसेटवरची चुंबकीय पूड दरवर्षी थोडी थोडी झडते आहे.