महाराष्ट्राची छबी : दगडांची आणि माणसांची

एखाद्या प्रांताचे अंतरंग छायाचित्रात उतरू शकते काय, आणि उतरत असल्यास ते कोणत्या स्थळाच्या चित्रात, हा प्रश्न प्रथमदर्शनी कलावंतांपुरता वाटेल. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण कोणी काय टिपले, यापेक्षा कोणी काय वगळले, यावरूनच त्या काळाची दृष्टी अधिक स्पष्ट होते.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स याने कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीची भव्य छायाचित्रे घेतली. त्या चित्रांनी पूर्वेकडील लोकांची मने भारून टाकली, आणि १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी त्या दरीच्या रक्षणाच्या कायद्यावर सही केली. पुढे १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सन याने यलोस्टोनची चित्रे घेतली व दुसऱ्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झाले. छायाचित्राचे सामर्थ्य ते हेच. परंतु जी दरी जगाला निर्मनुष्य म्हणून दाखविली गेली, तेथून १८५१ साली सशस्त्र तुकडीने मूळच्या रहिवाशांना हुसकावून लावले होते, ही गोष्ट त्या सुंदर चित्रांत कोठेही दिसत नाही.

आता आपल्याकडे वळू. छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या मंडळींतील. ज्या काळी यंत्रासमोर बसल्याने आयुष्य घटते असे घराघरांत मानले जाई, त्या काळी एका मराठी वैद्याने ही विद्या आत्मसात केली, हे आपण विसरू नये.

याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने ठरविले की, प्राचीन इमारतींची चित्रे हाताने काढवून घेण्याऐवजी यंत्राने घ्यावी. त्याप्रमाणे १८५५ साली मुंबई तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक झाली. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे घेतली. थोड्याच काळात त्यांना लष्करी कामावर परत बोलावण्यात आले व डॉ. पिगू यांनी ते कार्य पुढे चालविले.

त्या काळचे काम किती कष्टाचे, याची कल्पना आजच्या तरुणांस येणे कठीण. त्या वेळी प्रचारात येत असलेल्या नव्या रीतीत काचेवर चिकट द्रव पसरून ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी, ओली असतानाच यंत्रात घालावी, आणि वाळण्यापूर्वीच चित्र उमटवून घ्यावे, असा क्रम होता. म्हणून अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सर्व यंत्रासोबत डोंगरावर न्यावे लागे. शिवाय चित्र उमटण्यास वेळ लागे, आणि तेवढ्यात माणूस हलला तर तो धूसर होई किंवा नाहीसाच होई. दगड मात्र हलत नाही. लेणी आणि देवळे यांस त्या छायाचित्रकारांनी जी पसंती दिली, तिचे एक कारण सरकारचा हुकूम होता आणि दुसरे हे होते.

अजिंठ्याची कथा तर करुणच आहे. तेथील भित्तिचित्रांच्या नकला काढण्यासाठी १८४४ साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांना नेमण्यात आले. कित्येक वर्षे खपून त्यांनी काढलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. गिल यांनी छायाचित्रणही केले होते, आणि १८६४ साली त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. एकच चित्र आगीत गेले की गेले. ज्या चित्राच्या शंभर प्रती निघतात, ते सहसा मरत नाही. गिल १८७९ साली वारले.

अशा रीतीने दगडांची छबी तयार झाली. माणसांचे काय झाले? मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी पश्चिम भारतातील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेतली व १८६३ आणि १८६६ साली ती दोन भागांत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांची चित्रे एकीकडे घ्यावयाची, ती कापावयाची, आणि दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर बसवावयाची! म्हणजे एका बाजूस माणसांवाचून भूमी, आणि दुसऱ्या बाजूस भूमीवाचून माणसे. परक्या राज्यकर्त्याच्या दृष्टीने देश हा प्रथम वस्तूंचा संग्रह होता, मग लोकांचा. आणि या दोहोंचा संबंध जोडण्याची त्याला निकड वाटली नाही.

आमच्या उत्तर कोकणापुरते पाहावयाचे तर १८७६ साली डॉ. जर्सन दा कुन्हा या मूळच्या गोमंतकीय वैद्याने चौल व वसई यांचा इतिहास छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जी वसई घेतली, तिचा इतिहास अशा रीतीने सचित्र झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तारापूरच्या वेढ्यात बाजी भीवराव पडले. परंतु तारापूर, शिरगाव, केळवे, अशेरी ही नावे वसईच्या छायेतच राहिली.

दगड आणि माणूस यांची भेट घडविण्यात मोठा वाटा उचलला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी. हेच फाळके पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची नोकरी करीत होते. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत त्यांनी ती सोडली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. जो माणूस स्थिर वास्तूंची चित्रे घेत होता, त्यानेच आपल्या लोकांना आपल्याच भूमीवर चालताबोलताना दाखविण्याचा ध्यास घेतला. बोलणे तेवढे त्या मूकपटात नव्हते, इतकेच.

अलीकडे २०१० साली उद्धव ठाकरे यांचे आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक निघाले, व त्यामागोमाग पंढरीच्या वारीचे 'पहावा विठ्ठल'. २०२५ साली मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. हे अभिमानास्पद आहे. पण त्या यादीत आमच्या पालघर जिल्ह्यातील एकही दुर्ग नाही, आणि आकाशातून पाहिले असता वाड्यावस्त्या दिसतात, तेथील माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

मी राहतो ते कुंभवली गाव बोईसरनजीक आहे. एका अंगास कारखान्यांची वसाहत, पश्चिमेस तारापूरचा समुद्र, व तेथेच १९६९ पासून वीज देणारे देशातील पहिले अणुवीज केंद्र. पूर्वेस डोंगर आणि वारली पाडे. या मुलखाची छबी कोणती? धुराडे, की ताडाचे झाड? माझे उत्तर असे की, ते आमच्या शेजाऱ्यांनी कधीच देऊन ठेवले आहे. वारली चित्रात डोंगर, भात, बैल, तारपा आणि त्याभोवती फेर धरणारी माणसे ही सर्व एकाच गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली असतात. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. भूमीपासून माणूस कापून काढण्याची कल्पनाच त्या भिंतीला ठाऊक नाही.

तेव्हा शहरातील सुशिक्षित कुटुंबांस माझी एक विनंती आहे. आज प्रत्येकाच्या खिशात छायायंत्र आहे. गडावर जाल तेव्हा केवळ बुरूज टिपू नका. पाण्याचे टाके दाखविणाऱ्या गुराख्यालाही, त्याची अनुमती घेऊन, चित्रात घ्या. घरातील जुनी चित्रे पेटीतून बाहेर काढा, आणि ओळखणारे वृद्ध हयात आहेत तोवर प्रत्येकाच्या पाठीवर हलक्या हाताने, पेन्सिलीने, नाव, गाव व साल लिहा. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांनी कोणाचेच राहत नाही. बारा गडांची नोंद जगाने केली. उरलेल्या गावांची नोंद करणे हे आपलेच काम आहे.