पत्राच्या पोटातील हेर

पेशवाईतील कागदपत्रे चाळताना ‘जासूद’ हा शब्द वारंवार भेटतो. थैलीतील पत्र घेऊन मजल दरमजल करीत पुण्यास येणारा, अथवा पुण्याहून परदरबारी असलेल्या वकिलांकडे जाणारा, तो जासूद. या शब्दाचे मूळ मात्र अरबी ‘जासूस’ यात आहे, आणि जासूस म्हणजे हेर. पत्र नेणारा आणि गुपित चोरणारा या दोघांची नावे एकाच मुळातून निघावीत, ही आम्हांस पुष्कळ दिवस केवळ भाषेची एक गंमत वाटत असे. संगणकातील हेरगिरीचे एक प्रकरण मुळापासून वाचल्यावर मात्र ती गंमत राहिली नाही. हे प्रकरण आपल्याच देशात, हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा येथे उघडकीस आले, आणि त्याची झळ आपल्या परदेशांतील वकिलातींपर्यंत जाऊन पोहोचली. स्वप्रांतापासून दूर, सरकारी कागदांच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दलाई लामा १९५९ साली भारतात आले आणि १९६० पासून धर्मशाळा हे त्यांचे निवासस्थान झाले. जगभर विखुरलेल्या आपल्या समाजाशी संबंध राखावयाचा, तर अशा कार्यालयास पत्रव्यवहारावाचून गत्यंतर नसते. आणि पुढे हा पत्रव्यवहार अर्थातच ई-मेलने होऊ लागला. २००८ च्या सुमारास तेथील मंडळींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका परराष्ट्रीय मुत्सद्द्यास भेटीचे निमंत्रण ई-मेलने गेले होते. रीतीप्रमाणे मागाहून दूरध्वनी करावयाचा, तो करण्यापूर्वीच चिनी सरकारकडून त्या मुत्सद्द्याच्या कचेरीस सूचना पोहोचली की, ही भेट घेऊ नये. निमंत्रण दोघांनाच ठाऊक होते. मग तिसऱ्यास ते कळले कसे?

या प्रश्नाचा शोध दोन गटांनी घेतला. केंब्रिज विद्यापीठाच्या वतीने शिशिर नागराज व रॉस अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. दुसरा गट कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबशी संबंधित संशोधकांचा. त्यांपैकी ग्रेग वॉल्टन यांनी धर्मशाळेस येऊन प्रत्यक्ष यंत्रांची तपासणी केली. जून २००८ पासून मार्च २००९ पर्यंत हे काम चालले. दोन्ही अहवाल मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उघड झालेल्या जाळ्यास ‘घोस्टनेट’, म्हणजे भुतांचे जाळे, असे नाव पडले.

हेर आत शिरला कसा, हे पाहू गेल्यास त्यात जादूटोण्यासारखे काहीच नाही. तिबेटचा कैवार घेणाऱ्या एका संस्थेच्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसणारे एक ई-मेल येई. निर्वासित तिबेटी लोकांच्या ओळखपुस्तिकेचा अनुवाद सोबत जोडला आहे, असे त्यात म्हटलेले असे. धर्मशाळेतील कारकुनास याहून अधिक परिचयाचा विषय कोणता असणार? तो फाइल उघडी, आणि पडद्यावर खरोखरच तो मजकूर दिसे. परंतु फाइल दाखविणाऱ्या प्रणालीतील एखाद्या दोषाचा लाभ घेऊन एक लहानसा कार्यक्रम त्याच क्षणी यंत्रात उतरलेला असे. संगणक जेव्हा जेव्हा सुरू होई, तेव्हा तेव्हा आपणही जागे व्हावे अशी व्यवस्था तो प्रथम करून घेई. मग तो इंटरनेटवरून आपल्या धन्याच्या सर्व्हरशी संधान बांधी, ‘मी आत आहे’ अशी वर्दी देई आणि पुढील हुकमाची वाट पाही.

धन्याची मर्जी झाली म्हणजे त्या यंत्रावर ‘घोस्ट रॅट’ नावाचे हत्यार उतरविले जाई. हे हत्यार दुर्मिळ नव्हते. कोणासही इंटरनेटवरून सहज मिळविता येई. ते एकदा बसले की दूर बसलेल्या माणसास त्या संगणकातील फाइली उचलता येत, कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदविता येई, इतकेच नव्हे तर मालकाच्या नकळत ध्वनिग्राहक व कॅमेरादेखील सुरू करता येई. कळफलकाची नोंद मिळाली म्हणजे पासवर्ड मिळाला, आणि पासवर्ड मिळाला म्हणजे टपालपेटीची किल्लीच हाती आली. केंब्रिजच्या अहवालातील एक गोष्ट आमच्या मनास विशेष चाटून गेली. हल्लेखोर खऱ्या माणसाने लिहिलेले खरे पत्र वाटेत गाठीत, आणि त्यास जोडलेली फाइल काढून तिच्या जागी विषारी फाइल ठेवीत. अक्षर मित्राचे, मजकूर मित्राचा, आणि पोटात हेर! येथे जासूद व जासूस यांतील अंतर अखेर मिटले.

अशी फाइल ओळखणे रखवालदार प्रणालींनाही जड गेले. टोरांटोच्या संशोधकांनी एक नमुना ३४ विषाणुरोधक प्रणालींपुढे ठेवला. त्यांपैकी ११ नीच तो दूषित असल्याचे ओळखले.

हेराचा माग लागला तो हेराच्याच निष्काळजीपणाने. नार्ट व्हिलेनव्ह या संशोधकास दूषित फाइलींत २२ अक्षरांची एक विचित्र ओळ आढळली. त्यांनी ती गूगलच्या शोधपेटीत टाकली, आणि थेट हल्लेखोरांच्या नियंत्रण-सर्व्हरचे दालन त्यांच्यापुढे उघडे झाले. त्या दारास कुलूपच नव्हते! आत बाधित यंत्रांची यादी व्यवस्थित मांडून ठेवलेली होती. १०३ देशांतील १,२९५ संगणक त्या यादीत होते, आणि त्यांपैकी जवळजवळ तीस टक्के मोठ्या मोलाचे होते. इराण, बांगलादेश, भूतान, इंडोनेशिया आदी देशांची परराष्ट्र खाती त्यात होती. सार्कचे सचिवालय होते. अनेक देशांच्या वकिलाती होत्या आणि त्यांत भारताच्याही होत्या. सर्वांत जुनी नोंद २२ मे २००७ ची होती. म्हणजे कित्येक महिने हे हेर टेबलावर बसून होते, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यास त्यांची गंधवार्ताही नव्हती.

आकडे वाचून मन थक्क होते, परंतु हलत नाही. हलते ते एका तरुणीच्या हकिकतीने. ती तिबेटी तरुणी धर्मशाळेत दोन वर्षे अशा एका उपक्रमात काम करीत होती की, ज्यात इंटरनेटवरून चीनमधील लोकांशी संवाद साधला जाई. पुढे ती आपल्या गावी जाण्यास निघाली आणि नेपाळ-तिबेट सीमेवर पकडली गेली. आपण केवळ शिक्षणासाठी भारतात गेलो होतो, असे तिने सांगितले. तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी एक बाड काढून तिच्यापुढे ठेवले. त्यात तिने वर्षानुवर्षे केलेल्या इंटरनेटवरील संभाषणांच्या शब्दशः प्रती होत्या. दोन महिन्यांच्या अटकेनंतर तिची सुटका झाली. ते कागद कोणत्या वाटेने तेथे पोहोचले याचा थेट पुरावा संशोधकांपाशी नव्हता. परंतु ती ज्या संस्थेत काम करी तेथील संगणकही बाधित आढळला होता. ‘माझ्यापाशी लपविण्यासारखे काय आहे?’ असे सहज म्हणणाऱ्यांनी ते बाड क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

हे सारे कोणी केले? येथे इतिहासाच्या अभ्यासकाने जपून पाऊल टाकावयास हवे. घोस्ट रॅटचे सूत्रधार चीनच्या हैनान बेटावरील इंटरनेट-जोडण्यांवरून काम करीत, इतके सिद्ध झाले. केंब्रिजच्या लेखकांनी चिनी सरकारवर सरळ ठपका ठेवला. टोरांटोच्या संशोधकांनी मात्र, उपलब्ध पुराव्यावरून सरकारचा हात सिद्ध होत नाही, असे म्हटले. चीनने आरोप नाकारला. जोडणी कोठून आली हे सांगता येते. ती वापरणारा हात कोणाच्या हुकमाने हलला, हे सांगणे निराळे. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरण्याचा मोह आम्हांसही झाला, हे येथे कबूल केले पाहिजे.

एप्रिल २०१० मध्ये त्याच परंपरेतील दुसरा अहवाल आला, आणि तो तर आपल्या अंगणातलाच होता. या वेळच्या हल्लेखोरांनी आपले हुकूम ट्विटर, याहूची टपालसेवा, ब्लॉग अशा रोजच्या वापरातील स्थळांआड दडवून ठेवले होते. संशोधकांच्या हाती लागलेल्या चोरीच्या मालात दलाई लामांच्या कार्यालयातून २००९ मध्ये गेलेली सुमारे १,५०० पत्रे होती, आणि भारत सरकारचे दिसणारे कागदही होते. त्यांतील दोहोंवर ‘गुप्त’, सहांवर ‘प्रतिबंधित’ आणि पाचांवर ‘गोपनीय’ असे शिक्के होते. परंतु आमचे लक्ष वेधले ते एका पुस्तीने. हे कागद सरकारी संगणकांतूनच चोरले गेले असा थेट पुरावा नाही, असे संशोधक सांगतात. कोणीतरी ते आपल्या खाजगी संगणकावर उतरवून घेतले असावेत आणि तेथून ते गेले असावेत, अशीही शक्यता ते नोंदवितात.

ही पुस्ती वाचून आम्ही किंचित वरमलो. कचेरीत काम संपले नाही म्हणून फाइल घरी नेणे, हा आपल्या सेवेत गुन्हा नव्हे, कर्तव्यनिष्ठेचेच लक्षण मानले जाते. पूर्वी लाल फितीत बांधलेला गठ्ठा रात्री कंदिलाशेजारी सोडला जाई आणि सकाळी पुन्हा बांधला जाई; मध्यंतरी तो कोणी पाहिलाच, तर घरचे माणूस. आता तीच फाइल घरच्या संगणकावर उतरते. त्याच यंत्रावर मुले खेळ उतरवितात, फुकटच्या प्रणाली बसवितात. निष्ठा तीच राहिली, दार मात्र बदलले.

आणि आता हे हत्यार राज्याराज्यांच्या कारस्थानापुरते उरलेले नाही. त्याचा उघड बाजार भरतो. ‘लुम्मा’ नावाची अशीच एक चोरप्रणाली गुन्हेगारांस भाड्याने मिळत असे. न्याहाळकात साठविलेले पासवर्ड, बँकेच्या खात्यांची माहिती, आणि पुन्हा पासवर्ड न विचारता खाते उघडून देणाऱ्या लहानशा नोंदी, एवढे ती उचलून नेई. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट व निरनिराळ्या देशांच्या पोलिसांनी तिच्यावर धाड घातली. तत्पूर्वीच्या दोनच महिन्यांत ३,९४,००० हून अधिक संगणकांत ती आढळली होती. घोस्टनेटच्या १,२९५ शेजारी हा आकडा ठेवला म्हणजे काळ किती पालटला ते दिसते. आज लक्ष्य होण्यासाठी वकिलातीत असावे लागत नाही. बँकेत खाते असले की पुरे.

तथापि शिरकावाची रीत पाहिली तर ती बहुधा तीच आहे. परिचित नाव, अपेक्षित विषय, आणि उघडण्याची घाई. यंत्रातील दोष दुरुस्त होत राहतात आणि ते वेळच्या वेळी करून घेणे अवश्यच आहे. परंतु प्रत्येक वेळी हेरास दार उघडून देतो तो आपला विश्वास. विश्वासच टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. परमुलखात नोकरी करणाऱ्यास पत्रावर विश्वास ठेवल्यावाचून जगताच यावयाचे नाही. जुन्या काळीही पत्रावर विसंबणारे लोक मोहोर पाहत, आणि संशय आल्यास जासुदास थांबवून दुसऱ्या वाटेने विचारणा करीत. न मागितलेली फाइल आली असता पाठविणाऱ्यास एक दूरध्वनी करून ‘हे आपणच पाठविले ना?’ असे विचारणे, ही त्याच शहाणपणाची आजची रीत होय. धर्मशाळेच्या कार्यालयाने मुत्सद्द्यास करावयाचा म्हणून योजलेला, आणि करण्यापूर्वीच वायफळ ठरलेला तो दूरध्वनी आम्हांस म्हणूनच विसरता येत नाही.